हेक्स बसला, पण चाक बसलं का?

आरसी-कट्टा : वाचकांचे प्रश्न, परळच्या टूलरूमवाल्या मावशींची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं चाकांचीच आहेत. अमक्या कंपनीचं चाक तमक्या बग्गीला, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या आरसी गाडीला, बसेल का, एवढाच सूर. तुम्ही मंडळी कंपनी सांगता, मॉडेल सांगता, चाकाचा रंगसुद्धा सांगता. माप मात्र कुणी कळवत नाही. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, तिथे बाकावर आलेल्या वस्तूला आधी व्हर्नियर लागायची, मग तिचं नाव विचारायचे. त्यामुळे पुढच्या उत्तरांत मिलिमीटर जरा जास्त दिसतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : मावशी, माझ्याकडे डब्ल्यूएल टॉइजची १४४००१ ही वन-फोर्टीन मापाची (खऱ्या गाडीच्या एक-चौदांश) बग्गी आहे. मागचे टायर गुळगुळीत झाले म्हणून मित्राच्या वन-टेन बग्गीची मागची दोन चाकं लावली. दोन्हीकडे १२ मिलिमीटरचा हेक्स (ॲक्सलवरचा षटकोनी तुकडा, ज्यावर चाक बसतं), त्यामुळे आरामात बसली. मूळ टायरचा व्यास ७५ मिलिमीटर, नव्याचा ८६. गाडी दिसते झकास, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये थोडा वेळ फिरवली की मोटारीला हात लावता येत नाही. शिवाय खालून कुरकुर ऐकू येते. मोटार गेली का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, भांडुप

उत्तर : तू मापं कळवलीस, म्हणून तुझा नंबर पहिला. मोटार अजून गेली नसावी, पण ती जाईल अशी सगळी व्यवस्था तू केली आहेस. आधी ती मागची चाकं काढ, मग पुढचं वाच.

तुझी गाडी चारही चाकांवर चालते. पुढे एक डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारा गिअरसंच), मागे एक, आणि दोघांना जोडणारा मधला दांडा. त्या दांड्यावर तिसरं डिफरेन्शियल नाही. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना सारखेच फेरे घ्यावे लागतात, त्यातून सुटका नाही. आता हिशेब कर. ७५ चा टायर एका फेऱ्यात साडेतेवीस सेंटिमीटर जातो, ८६ चा सत्तावीस. दर फेऱ्याला मागची चाकं साडेतीन सेंटिमीटर जास्त जाऊ बघतात आणि पुढची त्यांना अडवतात. मैदानातल्या सुट्या मातीत कुठलं तरी चाक घसरतं आणि हा ताण मोकळा होतो. पार्किंगच्या काँक्रीटवर तो मोकळा होत नाही. मग दांडा पिळला जातो, गिअरचे दात एकमेकांवर दाबून घासतात आणि हे सगळं ओढायचं काम मोटारीच्या गळ्यात पडतं. तुझी कुरकुर बहुतेक त्या दातांची आहे. गिअरबॉक्स उघड आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे गिअर बघ. दातांची टोकं सुरीसारखी धारदार झाली असतील तर जोडीच बदल. एकच बदललास तर जुना नव्याला खाईल.

आता तू विचारशील, चारही चाकं ८६ ची लावली तर? ताण जाईल, पण दुसरं दुखणं सुरू होईल. ८६ ला ७५ ने भागलं की साधारण १.१५ येतात. म्हणजे तू गिअर न बदलता गाडीचा गिअर पंधरा टक्क्यांनी उंच करून ठेवलास. वरचा वेग वाढेल, उचल मरेल आणि मोटार तापेल. त्याची भरपाई पिनियनमध्ये, म्हणजे मोटारीवरच्या लहान गिअरमध्ये, करायची. पिनियनला २७ दात असतील तर २३ चा घे. पण लहान पिनियन लावला की मोटार स्परच्या, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या, जवळ सरकवावी लागते. तेवढी फट मोटारीच्या माउंटला आहे का, ते पिनियन मागवायच्या आधी बघ. दात जुळवताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाल, मोटार दाबून स्क्रू आवळ, मग पट्टी फिरवून बाहेर काढ. पट्टीवर घड्या पडल्या पाहिजेत, ती फाटता कामा नये.

आणि मोटार किती तापली हे ‘हात लावता येत नाही’ या मापाने ठरवू नकोस. लांबून तापमान दाखवणारी गन लॅमिंग्टन रोडवर मिळते. मोटारीच्या डब्यावर ८० अंशांच्या आत राहिली तर ठीक. ब्रशच्या मोटारीत चुंबक असतात, ते फार तापले की कायमचे कमजोर होतात. गाडी थंड झाल्यावर ती ताकद परत येत नाही.

माझं विचारशील तर १४४००१ ला तिच्याच अंगाची चाकं लाव. एलसी रेसिंगच्या वन-फोर्टीन बग्गीची चाकं तिला बसतात आणि टायरची जातही बरी आहे. वन-टेनचे टायर जडही असतात. ते वजन स्टिअरिंगला आणि बारक्या ॲक्सलला झेपवायचं म्हणजे आज ना उद्या खर्च आलाच.

प्रश्न : मावशी, जुनी सेकंडहँड असोसिएटेड बग्गी घेतली. चाकांबरोबर आलेले नट हरवले, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एम-४ चे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आणले. थोडे घट्ट गेले, पण पान्याने आवळले. शर्यतीत मागचं चाक सुटून प्रेक्षकांत गेलं. चाक दुसऱ्या ब्रँडचं आहे, दोष त्याचाच ना?
– अंधेरीचा एक स्पर्धक

उत्तर : चाक बिचारं निर्दोष आहे. जुन्या अमेरिकी गाड्यांचे आटे इंची असतात. तुझ्या ॲक्सलचा आटा आठ-बत्तीसचा, म्हणजे आठ नंबरचा आणि इंचाला बत्तीस आटे असलेला, असणार. त्याचा बाहेरचा व्यास ४.१७ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.७९. एम-४ चे आकडे ४ आणि ०.७. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. नट दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे थांबायचं सोडून पान्याने जोर लावला की नट आपले आटे कापत पुढे जातो. आवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात धरून काहीच नसतं.

खूण साधी आहे. बरोबर नट नायलॉनपर्यंत नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. उलटा प्रकार, म्हणजे आठ-बत्तीसचा नट एम-४ च्या ॲक्सलवर, तर आणखी फसवा. तो सहज जातो, पण हलवला की खुळखुळतो.

नागदेवी स्ट्रीटला जा आणि ‘आठ-बत्तीस यूएनसीचा डाय’ म्हणून माग, डाय म्हणजे आटे पाडायचं हत्यार. ॲक्सलचे आटे थोडेच बिघडले असतील तर त्या डायने साफ होतील. आटे चपटे झाले असतील तर ॲक्सल बदल, त्यावर शर्यत लावू नकोस. त्याच गाडीचे स्क्रूसुद्धा तपास. इंची ॲलनच्या जागी मिलिमीटरची ॲलन की घालून अनेकांनी डोकी गोल केली आहेत. तीन-बत्तीसांश म्हणजे २.३८ मिलिमीटर. तिथे २.५ ची की जात नाही आणि २ ची घातली की ती नुसती फिरते.

प्रश्न : ताई, मुलगा दहावीत आहे. परीक्षेनंतर त्याला वन-टेन बग्गीसाठी दुसऱ्या कंपनीची चाकं हवी आहेत. ‘आई, युनिव्हर्सल आहेत, बारा एमएम’ एवढंच सांगतो. ऑनलाइन घेतलेली परत घेत नाहीत, असंही तोच सांगतो. मला यातलं काही कळत नाही. पैसे देण्याआधी मी त्याला काय विचारू?
– एक गृहिणी, कल्याण

उत्तर : ‘युनिव्हर्सल’ असं लिहायला विकणाऱ्याला काही खर्च येत नाही, त्यामुळे तो शब्द तुम्ही वाचलाच नाही असं समजा. बारा एमएम खरं आहे, पण हेक्स जुळला म्हणजे पत्रिकेतला एक गुण जुळला. बाकीचे अजून बघायचे आहेत.

हेक्स म्हणजे ॲक्सलवरचा षटकोनी तुकडा. चाकाच्या पाठीमागे त्याच आकाराची खोबण असते, त्यात तो बसतो आणि चाक फिरवतो. बारा एमएम हे त्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. वन-टेन बग्गीत बहुतेक ठिकाणी हेच माप चालतं आणि मोठ्या वन-एटमध्ये सतरा. पण हेक्सला जाडीही असते. कुणाचा चार मिलिमीटर जाड, कुणाचा सहा, कुणाचा त्याहून जास्त. आणि चाकाच्या खोबणीला खोली असते. या दोन मापांचा मेळ बसला नाही तर काय होतं ते सांगते.

नट आवळला की तो चाकाला हेक्सवर दाबतो, हेक्स बेअरिंगच्या आतल्या कडीवर टेकतो आणि तिथे साखळी संपते. आतली कडी ॲक्सलबरोबर फिरते, म्हणून चाक मोकळं फिरतं. खोबण खोल आणि हेक्स पातळ असला तर चाकाची पाठ हेक्सच्या आधीच मागच्या स्थिर भागाला जाऊन टेकते. मग नट जितका आवळाल तितका ब्रेक लागतो. मुलं म्हणतात, ‘नट जरा सैल ठेवतो, मग फिरतं.’ सैल नटावर चाक डगडगतं आणि खोबणीचे कोपरे गोल होतात. खोबण एकदा गोल झाली की ते चाक संपलं. त्यावर उपाय म्हणजे जाड हेक्स, किंवा हेक्स आणि बेअरिंग यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ चकती. चाक घासून किंवा कोरून बसवू नये.

याच्या उलट, हेक्स फार जाड असला तर चाक बाहेर राहतं आणि नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. नट पूर्ण आवळल्यावर नायलॉनच्या बाहेर एक-दोन आटे दिसायला हवेत. दिसत नसतील तर ते चाक लावून गाडी सोडू देऊ नका.

पुढची गोष्ट ऑफसेट. हेक्स जिथे टेकतो ती जागा चाकाच्या रुंदीच्या मध्यावर आहे, आत आहे की बाहेर, यावर चाक गाडीबाहेर किती येणार हे ठरतं. प्रत्येक चाक पाच मिलिमीटर बाहेर आलं तर गाडी दहा मिलिमीटरने रुंद होते. स्पर्धांत वन-टेन बग्गीच्या रुंदीला २५० मिलिमीटरची मर्यादा असते. मुलगा स्पर्धेत उतरणार नसेल तर ती मर्यादा सोडून द्या, पण बाहेर आलेलं चाक बेअरिंगवर जास्त भार टाकतं. पुढच्या चाकांच्या बाबतीत तर प्रत्येक खड्ड्याचा झटका सर्व्होला, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटारीला, बसतो. चाक फार आत गेलं तर वळताना नकलला (चाक धरून वळणारा भाग) किंवा शॉकला, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरला, घासतं. म्हणून चाक लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडी हाताने दाबून, सोडून बघायला सांगा. कुठे घासलं तर टायरवर पांढरी रेघ उमटते.

टायर आणि रिम वेगवेगळे घेत असाल तर रिमचा व्यासही बघावा लागतो. बग्गीचा नेहमीचा २.२ इंची रिम म्हणजे सुमारे ५६ मिलिमीटर. टू-व्हील ड्राइव्ह बग्गीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा अरुंद असतात, फोर-व्हीलचे पुढचे त्या मानाने रुंद. यात गफलत करून पुढचे टायर चुकीचे मागवणारे खूप आहेत.

तेव्हा मुलाला सांगा, हेक्सची जाडी, खोबणीची खोली, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट आणि टायरचा बाहेरचा व्यास, ही मापं आपल्या गाडीची आणि नव्या चाकाची अशी वहीत समोरासमोर लिहून दाखव. विकणारा मापं देत नसेल तर दुसरा विकणारा बघ. प्लास्टिकची स्वस्तातली व्हर्नियर या कामाला पुरते. दहावीच्या मुलाला ती वाचता येत नसेल तर तिथेच थोडा वेळ घालवा, चाकं महिनाभर थांबतील.

प्रश्न : ट्रॅक्ससच्या बँडिटला पुढे १२ एमएम हेक्सची चाकं लावायची आहेत. हेक्स कुठे बसवू तेच सापडत नाही!
– डोंबिवली

उत्तर : सापडणार नाही, कारण तो तिथे नसतोच. टू-व्हील बग्गीची पुढची चाकं मोटारीने फिरत नाहीत, त्यामुळे त्यांना हेक्सची गरज नाही. बँडिटच्या पुढच्या चाकात ५ बाय ११ बाय ४ ची दोन बेअरिंगं असतात आणि चाक थेट ॲक्सलवर फिरतं. हेक्सच्या चाकात ही बेअरिंगं बसवायचा जुगाड करू नका. खोबण बारा मिलिमीटरची, बेअरिंग अकराचं. कागद गुंडाळून बसवलेलं चाक वाकडंच फिरणार. एक तर बेअरिंगवालं चाक घ्या, नाही तर पुढचे ॲक्सलच बदलून हेक्सवाले लावा. मागे मात्र हेक्स आहे, तिथे वरचे नियम लागू.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या धाकट्या बंधूंनी ऐंशीच्या दशकात दुबईहून तामियाची हॉर्नेट आणली होती. माळा आवरताना ती नातवाच्या हाती लागली. टायरना तडे गेले आहेत, चाकं पिवळी पडली आहेत. नातू म्हणतो, आजोबा, आजकालची चाकं लावून टाकू. मूळ चाकं अजून मिळतात का? आणि गाडी चालवावी का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : नमस्कार. आपलं पत्र वाचून माझा हात शिवशिवला. ही गाडी तामियाने १९८४ साली काढली आणि मागणी टिकून राहिली म्हणून २००४ मध्ये पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे तिची चाकं, टायर, बॉडी नव्याने बनतात आणि जुन्या गाडीला बसतात. नातवाला सांगा, इथे दुसरा ब्रँड शोधायचं कारणच नाही. हॉर्नेटचा मागचा ॲक्सल आजच्या १२ एमएम हेक्सच्या चाकांसाठी बनवलेला नाही. ती लावायची तर आधी अडॅप्टर शोधा, मग रुंदी सांभाळा, आणि एवढं करून गाडी हॉर्नेटसारखी दिसणार नाही.

चालवा जरूर, पण घाई नको. जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. स्क्रू काढताना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, डोक्याचा पेचकस वापरा. साधा फिलिप्स त्या खाचेत नीट बसत नाही, उसळून बाहेर येतो आणि खाच खराब करतो. गिअरबॉक्समधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं असेल, ते पूर्ण काढून नवं घाला. बरोबरची निकेल-कॅडमियम बॅटरी ठेवली असेल तर ती चार्ज करून बघू नका. ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको.

त्या काळच्या हॉर्नेटमध्ये वेग कमी-जास्त करायला सर्व्होने फिरणारा यांत्रिक कंट्रोलर आणि एक रेझिस्टर असायचा. तो रेझिस्टर चांगलाच तापतो, नातवाने त्याला बोट लावू नये. आणि ही जुनी व्यवस्था ठेवणार असाल तर लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी अजिबात नको. लिपो ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की बिघडते आणि तिला वेळेवर तोडणारं या गाडीत काही नाही. ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड घ्या.

आणखी एक. गाडी सपाट जमिनीवरही मागून उड्या मारेल. मागचा गिअरबॉक्स आणि ॲक्सल एकसंध वर-खाली होतो, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन नाही, त्यामुळे तो स्वभावच आहे. नातू ‘दुरुस्त’ करायला निघेल, त्याला थांबवा.

प्रश्न : दर रविवारी अक्सा बीचला बग्गी पळवतो. नवीन चाकं लावली, तेव्हापासून बेअरिंगं महिनाभरही टिकत नाहीत. चाकं खराब आहेत का?
– मालाड

उत्तर : नव्या चाकांचा ऑफसेट जास्त असेल तर थोडा दोष त्यांच्याकडे जातो, पण खरा गुन्हेगार समुद्र आहे. खारं पाणी आत गेलं की रात्रीतून गंज धरतो आणि बारीक वाळू उरलेलं काम करते. घरी आल्यावर बॅटरी काढून चाकं आणि ॲक्सल गोड्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली वाळवून, प्रत्येक बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्यायचा. नुसता डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होऊ नका. तो पाणी हटवायला चांगला, वंगण म्हणून टिकत नाही.

बेअरिंग आरसीच्या पाकिटातच मिळतं असं समजू नका. नागदेवीच्या बेअरिंगवाल्यांना बग्गी कळत नाही, नंबर कळतो. ५ बाय ११ बाय ४ साठी एमआर ११५ मागा. तामियावाले ज्याला ११५० म्हणतात ते हेच. ५ बाय १० बाय ४ असेल तर एमआर १०५. १० बाय १५ बाय ४ साठी ६७००. वन-एटच्या चाकात ८ बाय १६ बाय ५ सापडलं तर ६८८. नंबरामागे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ‘टूआरएस’ असेल तर रबराची. बीचवाल्यांनी रबराचीच घ्यावी. किंचित जड फिरतात, पण वाळू थोपवतात. जुनं बेअरिंग खिशात घालून जा आणि दुकानातच मोजून घ्या. पावसाळ्यात आमच्या परळच्या मैदानातल्या चिखलालाही हेच लागू आहे, फक्त तिथे मीठ नसतं.

प्रश्न : सर्व्हो बदलला, जुना हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर बसणारा हात) नव्यावर अर्धवट बसतो. स्क्रू घट्ट करून चालेल?
– चेंबूर

उत्तर : नाही. हॉर्नच्या आतले दात आणि सर्व्होच्या दांड्याचे दात मोजायचे. फुताबाच्या वाटेने जाणारे २५ दातांचे, हायटेकचे २४, जेआर आणि सान्वाचे २३. एका दाताचा फरक दिसत नाही, म्हणून लोक दाबून बसवतात आणि दांडा सोलला जातो. नव्या सर्व्होच्या दातांचाच हॉर्न घ्या. तामियाच्या सर्व्हो-सेव्हरबरोबर (सर्व्होला झटक्यापासून वाचवणारा हॉर्न) वेगवेगळे अडॅप्टर येतात, ते फेकलेले नसतील तर डब्यात बघा.

प्रश्न : मावशी, वन-एट बग्गीचे लांब शॉक माझ्या वन-टेनला लावले. गाडी मस्त उंच झाली. आता उडी मारली की मागचा डॉगबोन (चाक फिरवणारा दांडा) निसटून पडतो. लोकटाइट (स्क्रू पक्का धरणारा गोंद) लावू का?
– वसई

उत्तर : कशाला लावणार? डॉगबोन स्क्रूने धरलेला नसतो, दोन कपांच्या मध्ये तरंगत असतो. गाडी हवेत गेली की चाकं खाली लोंबतात. तुझा लांब शॉक त्यांना मूळ मापापेक्षा खाली जाऊ देतो, दोन कपांमधलं अंतर वाढतं आणि दांडा बाहेर. शॉक पूर्ण ताणून एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोज, मग मूळ शॉक तसाच मोज. फरक जेवढा असेल तेवढा शॉकच्या आत, पिस्टनखाली दांड्यावर स्पेसर घालून भर. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून घालणारे आहेत, पण ती तेलात फुगते. नायलॉनची नळी घे.

तरीसुद्धा वन-एटच्या स्प्रिंगा तुझ्या हलक्या गाडीला दगडासारख्या कडक पडतील. शॉक विकून टाक आणि वन-टेनचे घे. आणि तू विचारलंस म्हणून सांगते, लोकटाइट धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला निळा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला कधीच नाही, ते प्लास्टिक तडकवू शकतं.

प्रश्न : रिम चांगले आहेत, टायर झिजले. फेविक्विकने चिकटवलेले टायर सोडवायला उकळत्या पाण्यात घालतात म्हणे. रिम वितळणार नाही ना? आणि नवे चिकटवताना काय बघू?
– दादरची एक कॉलेजकन्या

उत्तर : पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि बहुतेक रिम नायलॉनचे असतात, त्यांना त्याने काही होत नाही. पाण्यात बुडवून ठेव, दर थोड्या वेळाने चिमट्याने काढून कडेला बोथट पेचकस घालून बघ. गोंद पांढरा, कडकडीत होऊन सुटायला लागतो. घाई करून ओढलंस तर टायरची कड फाटेल. टायर तसाही जाणार आहे, पण आतला फोम चांगला असला तर वाचव. ॲसिटोनमध्ये बुडवायचा सल्लाही मिळेल. नायलॉनला ते चालतं, पण रिम कुठल्या प्लास्टिकचा आहे याची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नकोस, काही प्लास्टिकं त्यात लिबलिबीत होतात.

नवा टायर चिकटवण्याआधी रिमची खाच जुन्या गोंदापासून खरवडून साफ कर आणि टायरची कड साबणाच्या पाण्याने धू. नव्या रबरावर साच्यातला तेलकटपणा असतो, त्यावर काहीच धरत नाही. टायर खाचेत पूर्ण बसला का, हे चाक फिरवून बघ. वर-खाली उसळत असेल तर आताच सरळ कर, नंतर नाही जमणार. पातळ गोंदाचे थेंब चार जागी सोड, सुकू दे, मग मधल्या जागा भर. एका बाजूला झालं की दुसरी बाजू. रिमला किंवा टायरला हवेचं भोक असेल तर ते बुजवू नकोस.

हे सगळं खिडकी उघडी ठेवून कर, उकळताना गोंदाच्या वाफा डोळ्यांना झोंबतात. पातेलं जुनं घे, आणि एकदा टायर उकळलेलं पातेलं परत ओट्यावर नेऊ नकोस. आईला कळलं नाही तरी चहाला कळेल.